गोफणीची दोरी वेगळी, तोरणाची वेगळी

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी मॅक्रेमची, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेली तोरणं, कुंडीची शिंकाळी आणि बेंदराला बैलांचे गोंडे करून विकतात. यंदा सासऱ्यांनी शाळूच्या राखणीसाठी गोफण करून मागितली. ताईंनी तोरणासाठी आणलेल्या चकचकीत पांढऱ्या दोरीचीच गोफण वळली. आठ दिवसांत तिची एक बाजू बोटभर लांब झाली, दगड भलतीकडे जायला लागला, आणि लायटरने जाळून बंद केलेलं टोक सासऱ्यांच्या बोटाला ओरखडे काढायला लागलं. तिकडे तोरणाची झालर विंचरायला घेतली तर सुटेचना, नुसते गुंते. त्या विचारतात : ‘दुकानदाराने सगळ्यात भारी म्हणून हीच दिली होती. मग चुकलं कुठं? दोन्ही कामांना चालेल अशी चांगली दोरी कोणती घ्यावी?’

ताई, दोन्ही कामांना चालेल अशी एकच दोरी शोधू नका. तुमची विण चुकलेली नाही, दोरी चुकली आहे. ‘भारी’ म्हणजे दुकानदाराच्या लेखी न तुटणारी. गोफणीत दोरी तुटण्याचा प्रश्न सहसा येतच नाही. हिशोब करून बघा. आवळ्याएवढा दगड, म्हणजे साधारण 50 ग्रॅम. मीटरभर त्रिज्येने तो सेकंदाला 25 मीटर वेगाने फिरवला, तर दोरीवर येणारा ताण जेमतेम 3 किलोचा, आणि तोही दोन बाजूंत वाटला जातो. एवढा भार साधी सुतळीसुद्धा घेते. गोफणीच्या दोरीत बघायचं ते वेगळंच : ती ताणली जाते का, बोटात आणि गाठीत धरून राहते का, आणि घासून पिंजते का.

ताणाचं महत्त्व आधी सांगतो. दगड कधी सुटणार हे हाताला सवयीने कळलेलं असतं. दोरी रबरासारखी ताणली गेली, की फिरवताना ती लांबते आणि टोक सोडल्याबरोबर आखडते. दगड ठेवायची झोळी हिसका खाते आणि दगड दर वेळी वेगळ्या कोनात निघतो. नायलॉनचा मोठा दोष हाच. ओढून नेण्याच्या, झटका सोसण्याच्या कामाला तो उत्तम, कारण तो लांबतो. गोफणीला वाईट, कारण तो लांबतो. काथ्याचंही तसंच, शिवाय तो हाताला खरखरीत. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा बरंच कमी लांबतं आणि उन्हातही जास्त टिकतं. पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. तुमची एक बाजू लांबली ती बहुधा ताणापेक्षा बोटात अडकवायच्या फाशाची गाठ सरकल्यामुळे. तागाची किंवा अंबाडीची दोरी मात्र लांबतच नाही म्हटलं तरी चालेल. ताग तुटेपर्यंत ओढला तरी दोनेक टक्क्यांच्या आतच वाढतो. जुन्या गोफणी अंबाडीच्या वाखाच्या, म्हणजे सालीतल्या धाग्याच्या असत, त्यामागे हे साधं कारण आहे. राखण असते ती कोरड्या हंगामात, त्यामुळे ताग-अंबाडी भिजून कुजण्याचा धोकाही तेव्हा कमी.

आता तुमच्याकडची पांढरी दोरी नक्की कशाची आहे ते घरीच तपासा. दोन बोटं लांबीचा तुकडा कापून पाण्यात टाका आणि आत नीट दाबून त्यातली हवा काढा. तरीही तरंगला तर ती पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच्या सुतळीचीच सुबक बहीण. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. मग चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, टोक जाळा. कागद जळल्याचा वास आणि बोटाने उडणारी मऊ राख आली तर सूत, ताग किंवा अंबाडी. केस जळल्याचा वास आणि चुरडता येणारी काळी गोळी म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा : मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन, काळा धूर आणि जरा गोडसर वास आला तर पॉलिएस्टर. मिश्र धाग्यात राखही मिळते आणि कडक खडाही. ‘कॉटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या विणीच्या दोऱ्यांत बऱ्याचदा वर सूत आणि आत पॉलिएस्टरची किंवा गिरणीतल्या टाकाऊ धाग्याची भरण असते, तेव्हा वरचा थर आणि आतला गाभा वेगवेगळा जाळून बघा. सासऱ्यांच्या बोटाला लागतोय तो हाच वितळलेला मणी. गोफणीच्या सुटत्या टोकाला लायटर कधीच लावू नये.

गोफणीसाठी सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला बारदानवाल्यांकडे 2 मिलिमीटरची तिपदरी तागाची सुतळी मागा. हळदीच्या व्यापारामुळे पोती आणि सुतळी इथे नेहमीच मिळते. फक्त एक बघा : तागाचा धागा कातताना त्याला तेल लावतात. हलक्या सुतळीत ते इतकं असतं, की रॉकेलसारखा वास येतो आणि पांढऱ्या रुमालात गुंडाळून दाबली तर डाग पडतो. तशी सुतळी गोफणीला चालेल, तोरणाला अजिबात नाही. शेताच्या बांधावर अंबाडी असेल तर वाख घरचाच. पण भिजवण्यावर सगळं अवलंबून आहे. कमी भिजली तर साल चिकटून राहते आणि धागे चपटे, ताठ निघतात. जास्त भिजली तर वाख काळपट होतो, मुठीत धरून झटका दिला की मधेच तुटतो. चांगला वाख फिकट पिवळसर, लांब आणि नखाने एकेक धागा वेगळा होणारा असतो. केकताडाचा वाख बळकट खरा, पण ताठ. दावं, चऱ्हाट करा; बोटात अडकवायच्या वस्तूला नको.

दुकानात उभं राहून दोरी पारखायच्या चार-दोन रीती आहेत. हातभर दोरी दोन्ही मुठींत धरा आणि मुठी जवळ आणा. दोरी खाली मोकळी झुलली तर पीळ बरोबर बसला आहे. ती स्वतःभोवती गुंडाळून वेटोळं घालायला लागली तर धाग्याचा पीळ आणि पदरांचा पीळ यांचा मेळ नाही. अशी दोरी काम करताना सारखी अढी घालते आणि तोरणाच्या काठ्या वाकड्या लटकतात. मग पदर उलट फिरवून उघडा. तिन्ही पदर सारख्या जाडीचे हवेत. एक बारीक असेल तर भार तिघांत सारखा वाटला जात नाही. जाडी छापलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. पेन्सिलीवर दहा वेढे शेजारी शेजारी, न दाबता, गुंडाळा, पट्टीने रुंदी मोजा आणि दहाने भागा. 4 मिलिमीटर म्हणून घेतलेली दोरी 3.2 निघाली तर तोरण विरळ का दिसतं ते लगेच कळतं. शेवटी टेबलाच्या कडेवर वीसेक वेळा घासा. बोटाला भुसा लागला किंवा लव उठली तर आखूड तंतूंचं, बहुतेक पुन्हा वापरलेलं सूत आहे.

दुकानदार ‘आधी मीटरभर नमुना द्या’ म्हटल्यावर कुरकुरतो. कुरकुरू द्या. नमुना घरी आणून दोन खुणा बरोबर 1 मीटर अंतरावर करा, एका टोकाला 5 लिटरचा पाण्याने भरलेला कॅन टांगा, दहा मिनिटांनी अंतर मोजा. कॅन काढून पुन्हा मोजा. गोफणीच्या दोरीत भार असताना 2-3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. सुती दोरी पहिल्यांदा जरा जास्त लांबेल. तो पीळ बसण्याचा भाग आहे, दुसऱ्यांदा टांगल्यावर कमी व्हायला हवा. दर वेळी लांबून परत आखडत असेल तर ती गोफणीला नाकारा.

आता गोफण. पाच मीटरचे तीन तुकडे कापा, सगळे मिळून 15 मीटर सुतळी धरा. वेणीत लांबी साधारण एक तृतीयांशाने खाते, म्हणून एवढी लागते. हातात घेण्याआधी सुतळी ओल्या फडक्यातून एकदा ओढून काढा, कुसळं बसतात. तिन्ही तुकड्यांच्या मध्यभागी 12 सेंटिमीटरची तिपेडी वेणी घाला आणि ती दुमडून फासा करा. हा फासा मधल्या बोटात सैलसर बसला पाहिजे, पण पेराच्या गाठीवरून आपोआप निसटता कामा नये. आता सहा टोकं हातात आली. दोन-दोनची जोडी करून तीन पेड धरा आणि 70 सेंटिमीटर वेणी घाला. इथे झोळी सुरू होते : जोड्या फोडून तीन-तीन सुतळ्यांच्या दोन स्वतंत्र वेण्या 10 ते 12 सेंटिमीटर घाला. दोन्ही वेण्यांचे वळसे मोजत जा. एकीत 14 आणि दुसरीत 16 झाले तर एक बाजू सैल राहते, दगड तिकडून घरंगळतो. गोफण बिघडते ती बहुतेक वेळा याच जागी, आणि बघणारा मात्र दोष दोरीला देतो. परत सहा टोकं एकत्र करून, जोड्या लावून, साधारण 75 सेंटिमीटर वेणी घाला.

शेवटची गाठ लगेच मारू नका. फासा बोटात घाला, झोळीत दगड ठेवा, सुटती बाजू अंगठा आणि तर्जनीत धरून गोफण लोंबकळू द्या. दोन्ही बाजू सारख्या ताणल्या जातील, झोळी आडवी राहील, त्या जागी खूण करा आणि तिथे घट्ट निरगाठ मारा. पुढे चार बोटं शेपटी सोडा, तीच फटकन वाजते. मग गोफण पाण्यात भिजवून, फासा खिळ्याला अडकवून, झोळीत नव्हे तर सुटत्या टोकाला 2 किलोचं वजन टांगून रात्रभर सावलीत वाळू द्या. सकाळी दोन्ही बाजू परत मोजा, बोटभर फरक पडला असेल तर गाठ सोडून सरकवा. हे भिजवणं टाळलं की आठव्या दिवशी तुम्हाला आला तसा अनुभव येतो. फाशाला मेण चोळलं तर बोट सोलत नाही. गोडेतेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि उंदीर कुरतडतात.

दोन फाळ्यांच्या झोळीत लहान ढेकूळ राहत नाही. सासरे मातीच्या गोळ्या वापरत असतील तर दोन वेण्यांच्या मधून बारीक सुती दोरीचे चार-पाच आडवे फेरे खाटेच्या विणीसारखे वर-खाली घाला. झोळीला सूत चालतं, कारण तिथे लांबी थोडी आणि पकड हवी. सराव मातीच्या गोळ्यांनीच करा, दगड नंतर. गोफण फिरवणाऱ्याच्या मागे, बाजूला, कुठेच माणूस नको. वस्ती, रस्ता आणि विजेच्या तारांकडे तोंड करून तर अजिबात नको. पाखरं उठवायला आवाज आणि कणसांवरून जाणारी गोळी पुरते, पाखराला नेम धरायचं काम नाही.

तोरणाचं गणित याच्या अगदी उलटं. इथे दोरी मऊ, सारख्या जाडीची आणि टोकाशी उलगडणारी हवी. म्हणून झालर करायची असेल तर एकपदरी सुती दोरी घ्या. तिच्यात बारीक धागे एकाच दिशेने हलका पीळ देऊन ठेवलेले असतात, कंगवा फिरवला की पिसासारखे मोकळे होतात. तिपदरी दोरीही उलगडते, पण धागे नागमोडी राहतात. काहींना ते आवडतं, ओली करून इस्त्री फिरवली तर सरळही होतात. नळीसारखी विणलेली दोरी मात्र विंचरूच नका. तुमची झालर सुटली नाही ती त्यामुळेच : विणीत धागे एकमेकांना आडवे बांधलेले असतात. ती दोरी शिंकाळ्याला वापरा, तिथे गाठी ठसठशीत दिसतात आणि पीळ सुटत नाही. एकपदरी दोरीने काम करताना टोकांना चिकटपट्टी लावा, नाहीतर दहाव्या गाठीपर्यंत निम्मा पीळ हवेत गेलेला असतो.

किती दोरी लागेल याचा अंदाज बहुतेक जणींचा चुकतो. काठीवर दुमडून बांधायची असेल तर तयार लांबीच्या आठपट एक तुकडा कापा : चारपट गाठींत जाते आणि दुमडल्याने दुप्पट. 3 फुटी दाराचं, 40 सेंटिमीटर खोलीचं तोरण धरा. 48 तुकडे, प्रत्येकी 3.2 मीटर, म्हणजे 154 मीटर. दहा टक्के जास्त धरून 170. जाळी मोकळी ठेवली तर उरेल, पण सहापटीवर कापून मधेच दोरी संपली तर जोड लपवता येत नाही. किलोवर घेताना 10 मीटर तोलून घ्या, एका किलोत किती मीटर बसतात ते कळेल. दोन दुकानांचा किलोचा भाव सारखा असला तरी मीटरचा भाव सारखा असेलच असं नाही. रंगीत दोरी असेल तर सगळी एकाच लॉटची घ्या, नाहीतर तोरणाच्या मधोमध लाल रंग बदललेला दिसतो. पांढरं फडकं ओलं करून दोरीवर चोळा. रंग लागला तर ती दाराच्या चौकटीलाही लागणार.

शिंकाळ्यात मात्र ताकद बघायची. 8 इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज 6-7 किलोला जाते. दोरीला गाठ मारली की तिची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी घटते, म्हणून दुकानदार ‘50 किलो ओढते’ म्हणाला तरी दहाच्या पुढे टांगू नका. आणि गिऱ्हाईक कुठलं ते विचारा. जतला, आटपाडीला सुती शिंकाळं अंगणात बराच काळ टिकेल. तेच शिराळ्याला किंवा पाटण, जावळीकडे व्हरांड्यात लावलं तर एका पावसाळ्यात काळी बुरशी धरतं. तिकडे बाहेर टांगायला पॉलिएस्टर द्या, टोकं इथे खुशाल जाळून बंद करा. सुती दोरीची टोकं जाळून बसत नाहीत; त्यांना बारीक दोऱ्याचे दहा-बारा वेढे घट्ट द्या किंवा पातळ फेव्हिकॉलचा थेंब.

बेंदराच्या गोंड्यांना लोकरीइतकं काही खुलत नाही. माण-खटाव भागात, म्हसवडकडे घोंगडीची लोकर मिळते. दख्खनी मेंढीची ही लोकर भरड असते, त्यामुळे गोंडा फुगून उभा राहतो, ॲक्रिलिकसारखा दोन दिवसांत लोळत नाही. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तसं खळीचं सूत मिळालं तर आधी कोमट पाण्यात धुवून घ्या, नाहीतर खळीला कीड लागते. गोंडा कशाचाही करा, पण म्होरकीचा जो भाग बैलाच्या कातडीला घासतो तो सुतीच ठेवा. नायलॉन ओढला गेला की कातडं भाजल्यासारखं सोलतं.

पीळ उजवा की डावा हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी एकदा तपासा. दोरी उभी धरली की तिरप्या रेघा कुठल्या बाजूला चढतात ते बघा. एकाच कामात दोन दुकानांच्या, उलट पिळाच्या दोऱ्या आल्या तर एकीचा पीळ तुमच्या हाताबरोबर घट्ट होत जातो आणि दुसरीचा सुटत जातो. तुमच्या गाठी सारख्या असूनही तोरणाच्या दोन बाजू वेगळ्या दिसतील.

उरलेली पांढरी दोरी टाकू नका. पाण्यात बुडत असेल तर तिची शिंकाळी करा. तरंगत असेल तर स्क्वेअर नॉटच्या, म्हणजे मॅक्रेमच्या चौकोनी गाठीच्या सरावाला किंवा घरात सावलीतल्या बांधाबांधीला ठेवा. द्राक्षाच्या बागेत वेली बांधायला तेवढी देऊ नका. उन्हात दोन हंगामांत ती चुरा होते आणि तो चुरा रानातून वेचत बसावा लागतो.